तिकिटाला वाका, राइडला टाचा वर



मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर थीम पार्क आणि वॉटर पार्कचे फोटो यायला लागतात, आणि फोटोंच्या मागोमाग सल्ले. या वर्षी एक सल्ला माझ्यापर्यंत तीन वेगवेगळ्या जणींकडून आला. मुलाला जाड तळव्याचे बूट घाला, आत एक रुमाल घडी करून ठेवा, मुलगी असेल तर अंबाडा उंच बांधा, म्हणजे मोठ्या राइडवर कोणी अडवत नाही. खाली हसरे चेहरे आणि टाळ्या. एकीनेही लिहिलं नाही की बाई, हे काय सांगतेस.

म्हणून मी लिहिते आहे. राग आला तर येऊ दे.

अशा पार्कांत उंची दोन ठिकाणी मोजतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एकदा तिकिटाच्या खिडकीवर, कारण पुष्कळ ठिकाणी लहान मुलांचं तिकीट वयावर नसून उंचीवर असतं. दुसऱ्यांदा राइडच्या दाराशी. पुण्याच्या बाजूला एका पार्कात मी हे दोन्ही प्रकार एकाच कुटुंबात पाहिले. चार फुटांच्या खाली अर्धं तिकीट होतं. आईने पोराच्या खांद्यावर हात ठेवून हळूच सांगितलं, "गुडघे वाकव जरा." पोरगं वाकलं. शंभर-दोनशे रुपये वाचले. तासाभरात तेच पोरगं मोठ्या राइडच्या पट्टीपाशी उभं. तिथेही रेघ चार फुटांवरच. आता आई म्हणते, "टाचा उचल, मान ताठ कर." एकाच मुलाची एकाच सकाळी दोन मापं.

आपण व्यापाऱ्यांच्या घरातल्या बायका. बँकेत कर्ज मागताना गोदामातला माल जास्त दाखवायचा आणि कर भरायच्या वेळी तोच माल कमी दाखवायचा, याला काय म्हणतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मी बी.कॉम.ला ऑडिटिंगचा पेपर दिला तेव्हा सरांनी हेच उदाहरण घेतलं होतं. इथे फरक एवढाच की गोदामात माल नसून आपलं स्वतःचं लेकरू आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला एक म्हणजे हीनाधिकमानोन्मान. मान म्हणजे शेर-मापट्यासारखी मापं, उन्मान म्हणजे तराजू आणि वजनं. देताना कमी माप वापरायचं, घेताना जास्त. पाठशाळेत आपण हे पाठ केलेलं असतं, आणि आपल्याला वाटतं की ते धान्याच्या दुकानापुरतं आहे, आपल्या घरातले पुरुष बघून घेतील. पैसे देताना मूल लहान आणि मजा घेताना मूल मोठं, हे त्या शब्दात जसंच्या तसं बसतं. शिवाय हे आपण मुलाच्या अंगाकडून करून घेतो. वय विचारलं तर "पाच सांग" असंही शिकवतो. कृत, कारित, अनुमोदना हे तिन्ही झालं. आपण केलं, मुलाकडून करवलं, आणि ग्रुपवर टाळ्या देऊन अनुमोदन दिलं.

पण अतिचाराचं सोडा, प्रायश्चित्त घेता येईल. राइडच्या पट्टीचा विषय त्याहून गंभीर आहे. ती रेघ तिथे का असते, हे आपण कधी विचारतच नाही. आपल्याला वाटतं पार्कवाल्यांनी आपला अपमान करायला ती आखली आहे.

राइडच्या आसनात माणसाला धरून ठेवायला मांडीवर एक दांडा येतो, किंवा पट्टा, किंवा खांद्यावरून खाली येणारी चौकट. हा दांडा मांड्यांवर आणि कंबरेच्या हाडावर टेकला तरच माणूस जागेवर राहतो. लहान मुलाच्या कंबरेच्या हाडाचा पुढचा उंचवटा अजून पुरता तयार झालेला नसतो. मांड्या आखूड असतात, त्यामुळे पाठ मागे टेकली तर गुडघे आसनाच्या कडेपर्यंत पोचत नाहीत. मग मूल पुढे सरकून बसतं आणि दांड्याखालून निसटायला जागा होते. त्यात शेजारी वडील बसलेले असले आणि दोघांना मिळून एकच दांडा असला, तर तो वडिलांच्या मांडीवर अडतो आणि मुलाच्या मांडीवर वीतभर पोकळी राहते. शिवाय लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान कोवळी. गाडी गर्रकन वळली की ते डोकं सावरायची ताकद त्या मानेत नसते.

"अहो, बाबा शेजारी आहेत, धरून ठेवतील." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं आहे! रोलर कोस्टरच्या खोल वळणात शरीरावर आपल्या वजनाच्या तीन-चार पट भार येतो. वीस किलोचं मूल त्या क्षणी साठ किलोंच्या पोत्यासारखं होतं. साठ किलोंचं पोतं एका हाताने धरून ठेवणारे बाबा मला दाखवा. गहू उतरवताना दोन हमाल लागतात.

मग वय का नाही, उंचीच का? कारण दारावर वयाचा दाखला कोणी बघत बसणार नाही आणि आपण वय खोटं सांगतो. उंची डोळ्यांसमोर मोजता येते, आणि मांडी किती लांब, हात दांड्यापर्यंत पोचतात की नाही, याचा अंदाज तिच्यावरून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलाची मध्यम उंची ११० सेंटिमीटरच्या आसपास आहे आणि सात वर्षांच्या मुलाची १२०च्या थोडी वर. म्हणजे या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. बुटाचा तळवा, आतला रुमाल आणि वरचा अंबाडा मिळून सहा-सात सेंटिमीटर सहज होतात. आपण त्या लेकराचं एक वर्षाहून जास्त वय चोरतो. आणि ही वाढ हाडात होत नाही, बुटात होते. दांड्याला बूट कळत नाहीत.

"माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, फक्त उंचीने कमी, आमच्या घरात सगळेच बुटके." असेल. मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण आसन त्याच्या वयाला धरून ठेवणार नाही, अंगाला धरणार आहे. "तो अजिबात घाबरत नाही हो" हेही तसंच. न घाबरणारं मूल तर जास्त हात सोडतं, जास्त उठून बघतं.

रेघ पाळली की सगळं सुरक्षित, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या एका वॉटर पार्कात १६८ फूट उंचीची घसरगुंडी २०१४ साली सुरू झाली. सुरुवातीला जाहीर केलेली किमान १४ वर्षं वयाची अट नंतर काढून टाकली गेली. ऑगस्ट २०१६मध्ये तिथे दहा वर्षांचा मुलगा गेला. त्याच्या उंचीला कोणी हरकत घेतली नव्हती. ती घसरगुंडीच धोकादायक बनवलेली होती, आणि पुढे ती पाडून टाकली. सप्टेंबर २०२१मध्ये कोलोरॅडोतल्या एका पार्कात सहा वर्षांची मुलगी पट्टा न बांधता आसनावर बसली. पट्टा तिच्या अंगाखाली होता आणि ते दोन कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. ती वाचली नाही. आणि आपल्या शेजारी, अहमदाबादला कांकरियाच्या बागेत १४ जुलै २०१९ रोजी झोक्यासारखी एक राइड मोडून पडली आणि माणसं मेली. तिथे उंचीचा काय संबंध, असं कोणी विचारेल.

संबंध आहे, सांगते. यंत्र कसं बनवलं, नटबोल्ट कधी तपासले, हे तुमच्या-माझ्या हातात नाही. त्यासाठी सरकार आहे, परवाने आहेत, आणि तिथे ढिलाई झाली तर आपण ओरडलंच पाहिजे. आपल्या हातात या सगळ्यातली फक्त एक गोष्ट येते, ती म्हणजे मुलाचं खरं माप. आणि नेमकी तीच आपण बिघडवतो. कोलोरॅडोची गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनात दुसरंही एक बसलं आहे. पट्टे तपासणारी माणसं दोनच असतात. आपल्याकडे तर बहुतेक वेळा वीस-बावीस वर्षांचा एकच पोरगा, दिवसभर उन्हात उभा. आपण त्याच्याशी दारात हुज्जत घालतो, "सोडा की दादा, केसाएवढा तर फरक आहे." मागून दुसरी म्हणते, "मघाशी एकाला सोडलंत की!" तेवढा वेळ त्याची नजर आपल्यावर असते, आसनांवर नसते. जो पट्टा बघायचा राहून जाईल तो कदाचित आपल्या मुलाचा नसेल, तिसऱ्याच कुणाच्या तरी मुलाचा असेल.

यावर एक उत्तर मला आपल्याच बायकांकडून मिळतं आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. "आयुष्य असेल तर काही होत नाही, कर्मात असेल तेच घडतं." ज्या घरात पाणी दुहेरी गाळण्यातून गाळून जिवाणी परत पाण्यात सोडतात, त्या घरात हे वाक्य कसं निघतं? कर्मात असेल तेच घडतं तर पाणी तरी कशाला गाळता? आणि शास्त्राचा आधार म्हणाल तर तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं शेवटचं सूत्र काढून बघा. ज्यांचं आयुष्य बाहेरच्या कारणांनी कमी होत नाही त्यांची यादी तिथे आहे. देव आणि नारकी, चरमशरीरी, असंख्यात वर्षांचं आयुष्य असलेले भोगभूमीचे जीव. त्या यादीत तुमचं-माझं नातवंड नाही. आपल्यासारख्यांचं आयुष्य विषाने, शस्त्राने, आगीने मध्येच तुटू शकतं, असंच आचार्यांनी समजावलं आहे. उंचावरून पडणं त्यात येणार नाही असं कुणाला वाटतं?

वॉटर पार्कात जावंच का, इतक्या अप्कायिक जीवांची विराधना कशासाठी, हा निराळा विषय आहे. त्यावर मी स्वतंत्र लिहीन. जाणाऱ्या जातातच, म्हणून आज जाणाऱ्यांशी बोलते आहे.

राहिलं मुलाचं रडणं. रांगेत पाऊण तास उभं राहून दारातून परत फिरायचं म्हटल्यावर मूल रडणारच. पण आपली मुलं "नाही" ऐकायला नवखी नाहीत. शाळेत वाढदिवसाच्या डब्यातला बटाटावडा समोर आला की पहिलीतलं पोर सांगतं, "आम्ही कंदमूळ खात नाही." सूर्य मावळल्यावर लग्नाच्या मांडवात आइस्क्रीम समोर असताना हात मागे घेणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना एक पाटी सहन होणार नाही? पाटीने अडवलं तर मुलाला ते लागत नाही. आपण तोंड पाडतो, पार्कवाल्याला शिव्या देतो, म्हणून त्याला तो अपमान वाटायला लागतो.

पार्कवाल्यांनाही माझं सांगणं आहे. उंचीची पाटी रांगेच्या शेवटी लावता आणि ती इंग्रजीत, इंचात. ती तिकिटाच्या खिडकीवर मराठीत, सेंटिमीटरमध्ये लावा, म्हणजे कोणती राइड मिळणार आणि कोणती नाही हे पैसे देण्याआधी कळेल. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत एक चांगली सोय आहे. मूल उंचीने कमी पडलं तर आई किंवा वडील त्याच्याजवळ थांबतात, दुसरा राइड करून येतो आणि मग थांबलेल्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता सोडतात. याला यंत्र लागत नाही की पैसा लागत नाही, एक चिठ्ठी पुरते. आपल्या निम्म्या भांडणांचं मूळ हेच असतं की कोणीतरी एकाने मुलाला घेऊन बसायचं आणि ते एक कोण, तर सून. आणि हो, चिमुकल्यांच्या आगगाडीवर मोठ्यांना मनाई असते तीही पाळा. गुडघे छातीशी घेऊन त्यात बसलेले काका फोटोत गमतीचे दिसतात, पण ती गाडी त्यांच्या वजनासाठी केलेली नसते.

आता पाठशाळेच्या सहलीचं. पुढच्या रविवारी स्वाध्यायानंतर मंदिराच्या सभागृहात सहलीला येणाऱ्या प्रत्येक मुलाची उंची मोजायची आहे. चप्पल-बूट काढून, केस मोकळे सोडून, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर पाठशाळेची जाड वही आडवी धरून. आकडा मुलासमोरच लिहायचा आणि कोणत्या राइड त्याला मिळतील हे तिथेच सांगायचं, म्हणजे रडायचं असेल तर घरी रडून होईल. तिकीटही त्याच आकड्यावर काढायचं. ज्यांचं पूर्ण तिकीट पडेल त्यांनी वरचे पैसे आणावेत. ज्या घरांना ते जड जातील त्यांनी मला एकटीला सांगावं, वर्गणीतून होईल. १२० सेंटिमीटरच्या खालची मुलं मोठ्या राइडच्या वेळी माझ्यापाशी झाडाखाली बसतील. चिवड्याचा डबा आणि गाळलेल्या पाण्याचे दोन जार माझ्याकडे असतील. सापशिडीचे पट कोणाकडे असतील तर आणावेत.