‘परतणे’ की ‘जाणे’? : बेने इस्रायलांच्या स्थलांतराविषयी

स्थलांतरितांच्या मराठी लेखनाची चर्चा बहुधा अमेरिकेत गेलेल्या डॉक्टर-अभियंत्यांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. त्यामुळे माणसे देश का सोडतात, या प्रश्नाचे ‘उत्कर्षासाठी’ हे उत्तर जवळजवळ गृहीत धरले जाते. बेने इस्रायल समाजाविषयी असेच दुसरे तयार उत्तर प्रचलित आहे : धर्मभूमीची ओढ. ते अधिक काळजीपूर्वक तपासावयास हवे.

नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून वाचलेल्या पूर्वजांची कथा सांगणारा हा समाज कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांत तेलाचे घाणे चालवीत असे. शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनवार तेली’. आडनावे पेणकर, दिवेकर, अष्टमकर अशी, भाषा मराठी. १८८० पासून बायबलातील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. या भूमीत धर्मावरून आपला छळ झाला नाही, हे समाजातील माणसेच आवर्जून सांगत आली आहेत. मग १९४८ नंतर सुमारे वीस हजारांच्या या समाजातील बहुसंख्य माणसे इस्रायलला का गेली?

धर्मभावना होतीच, ती नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु त्याआधीचे एक स्थलांतर सहसा नजरेआड राहते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही कुटुंबे खेडी सोडून मुंबईस येऊ लागली होती. आधी पलटणीत, पुढे रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्यांत ती स्थिरावली. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ चे आहे. या पहिल्या प्रवासाला कोणी तीर्थयात्रा म्हणत नाही. इंग्रज गेल्यावर त्याच नोकऱ्यांची शाश्वती वाटेनाशी झाली. १९५० च्या परतीच्या कायद्याने इस्रायलचे दार उघडले. आधी गेलेल्या आप्तांमागून इतर निघाले. पोटाची चिंता कोठे संपते आणि प्रार्थनेतले यरुशलेम कोठे सुरू होते, हे यातून वेगळे काढता येत नाही.

तेथे पोचल्यावर तर ‘परतणे’ या शब्दाचीच ओढाताण झाली. वर्णावरून भेदभाव होतो, अशी तक्रार करीत काहींनी तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि १९५२ मध्ये शंभरांहून अधिक माणसे भारतात परत आली. त्यांपैकी बहुतेक पुढे पुन्हा इस्रायलला गेली! १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने विवाहासाठी त्यांची वंशावळ तपासण्याचे निर्देश दिले. आंदोलनानंतर १९६४ मध्ये संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानल्याचे जाहीर केले. इतक्या उलथापालथीनंतर सांगितलेले देश सोडण्याचे कारण हे निघतानाचेच कारण असेल, असे मानता येत नाही. समाजशास्त्रज्ञाला ही अडचण वाटेल. साहित्याच्या अभ्यासकाचे काम मात्र येथूनच सुरू होते.

पितृभूमीत ‘परतलेल्या’ या माणसांनी इस्रायलमधून मराठी नियतकालिक काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘मायबोली’. या नावातील ‘माय’ कोणत्या किनाऱ्यावरची, हे त्याच्या अंकांतूनच शोधावे लागेल. ते अंक मराठी विभागांनी मिळवून जतन केले पाहिजेत. दिमोना, अश्दोद, बीरशेबा येथील नातवंडे आता हिब्रू बोलतात. मराठीत आठवणी सांगू शकणारी पिढी थकली आहे.