पोस्ट बॉक्सचा पत्ता आणि शेतकऱ्याचा माल

शेतमालाची घरपोहोंच विक्री आतां नवलाची राहिली नाहीं. देवगडचा हापूस, कोल्हापुरी गूळ, तासगांवचे बेदाणे, कोंकणांतील आमसुलें असा माल कित्येक शेतकरी व त्यांच्या संस्था ऑनलाइन दुकानांतून मागणी घेऊन थेट गिऱ्हाइकाकडे धाडतात. दलालाची आडत वांचते हें खरें. परंतु माल सुखरूप पोहोंचविण्याचा भारहि त्याबरोबर आपल्याच शिरावर येतो. त्यांतील एका लहानशा दिसणाऱ्या बाबीकडे आम्ही शेतकरी बंधूंचें लक्ष वेधूं इच्छितों.

कांहीं गिऱ्हाइकें पत्ता देतांना घर किंवा रस्ता न लिहितां केवळ पोस्ट बॉक्सचा क्रमांक, गांव व पिनकोड एवढेंच लिहितात. पोस्ट बॉक्स म्हणजे पोस्टऑफिसांत भाड्यानें घेतलेला कप्पा. तेथील टपाल मालक स्वतः अगर माणूस पाठवून नेतो. खासगी कुरिअरचा माणूस त्या कप्प्यापर्यंत जाऊं शकत नाहीं. त्यास दार हवें आणि दारांत माल घेणारा माणूस हवा. अशा पत्त्यावर कुरिअरनें पार्सल धाडलें, तर तें बहुधा फिरून परत येतें आणि जाण्यायेण्याचें दुहेरी भाडें विकणाऱ्याच्या अंगावर पडतें. माल आंब्याचा असेल तर पेटीहि गेली आणि गिऱ्हाईकहि गेलें.

या त्रासास कंटाळून कित्येक दुकानें असले पत्ते सरसकट नाकारतात. आमच्या मतें हा उपाय रोगापेक्षां वाईट आहे. बॉक्स घेणारांत संस्था असतात, व्यापारी असतात, घरीं दिवसभर कोणी नसणारे लोकहि असतात. ते खोटे गिऱ्हाईक नव्हेत. शिवाय ‘मु. पो.’ लिहून ज्यांची हयात गेली, त्या आम्हां खेडुतांनीं तरी पोस्टाच्या आधारावर दिलेल्या पत्त्यास नांवें ठेवूं नयेत. दोष पत्त्याचा नाहीं. त्या पत्त्यास न जुळणारें वाहन निवडण्याचा आहे.

तेव्हां करावें काय? मागणीच्या नमुन्यांतच ‘हा पत्ता पोस्ट बॉक्सचा आहे काय?’ असा प्रश्न पैसे भरण्यापूर्वीं विचारावा. उत्तर होकारार्थी असल्यास माल भारतीय टपाल खात्यामार्फतच, स्पीड पोस्टानें किंवा पार्सलानें धाडावा. पिनकोड गिऱ्हाइकाच्या घराचा नव्हे, तर ज्या कचेरींत बॉक्स आहे तिचा असावा. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू असलेल्या या सहा अंकांपैकीं शेवटचे तीन अंक टपाल वांटणारी कचेरी दाखवितात. तेथें चूक झाली कीं पार्सल भलत्याच गांवीं जातें. घराचा पत्ता व बॉक्स दोन्ही लिहिलेले असल्यास माल नक्की कोठें द्यावयाचा, हें विचारून एकच पत्ता वेष्टनावर लिहावा. मोबाइलचा क्रमांक अवश्य घ्यावा. कारण मोठें पार्सल कप्प्यांत मावत नाहीं, तें खिडकीवरून सोडवून घ्यावें लागतें.

नाशवंत मालाची गोष्ट मात्र निराळी. गूळ, बेदाणे, तांदूळ, आमसुलें पोस्टांत चार दिवस पडून राहिलीं तरी बिघडत नाहींत. पिकत आलेला हापूस तितका वेळ थांबत नाहीं. म्हणून आंबा, द्राक्षें, ताजी भाजी यांसाठीं घराचा अथवा दुकानाचा पत्ता आग्रहानें मागावा व कारणहि सांगावें. कारण सांगितलें म्हणजे गिऱ्हाईक रागावत नाहीं.

परदेशीं माल धाडणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दुबईकडे आपले पुष्कळ मराठी लोक आहेत. तेथें टपालाचा पत्ता बहुधा बॉक्स क्रमांकाचाच असतो आणि पिनकोडासारखा अंक मुळींच नसतो. सहा अंक भरल्यावांचून पुढें न सरकणारा नमुना अशा गिऱ्हाइकास दारांतूनच परत लावतो.

हीं कामें एकट्या शेतकऱ्यानें करावीं असें आमचें म्हणणें नाहीं. सहकारी संस्थांनीं आपल्या दुकानाचा नमुना एकदां दुरुस्त करून घ्यावा आणि जवळच्या पोस्टमास्तरांशीं बोलून पार्सलांची व्यवस्था लावावी. पीक हातीं येण्यास वर्ष लागतें. तें पत्त्याच्या एका ओळीपायीं वाटेंत वाया जाऊं देणें शहाणपणाचें नव्हे.