विश्लेषण : तीन दिवसांचे शिबिर नको, साठ तासांचा वर्ग हवा! भंडाऱ्याच्या महाविद्यालयांत ज्युदो, कराटे, लाठीकाठी कशी शिकवता येईल?

कॉलेजात स्वसंरक्षण शिबिर लागले की चित्र ठरलेले असते. पहिल्या दिवशी उद्घाटन आणि भाषणे, दुसऱ्या दिवशी ठोसा मारणे आणि मनगट सोडवणे, तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. महिनाभराने त्याच मुलींना मनगट सोडवून दाखवायला सांगा, बहुतेकींना जमणार नाही. दोष मुलींचा नाही. तीन दिवसांत सायकलसुद्धा नीट येत नाही, मग ज्युदो कसा येईल?

यावर उपाय आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मार्शल आर्टला शिबिरातून काढून वेळापत्रकात आणायचे, इतकेच.

नियम काय सांगतो?

भंडारा जिल्ह्यातील बहुतेक पदवी महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाले. त्यात मुख्य विषयांसोबत सहअभ्यासक्रमाची क्रेडिट्सही आहेत. एनएसएस, एनसीसी, योग, खेळ, कला हे सगळे त्यात बसते.

आता साधे गणित करा. प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे सत्रात ३० तास. दोन क्रेडिट्स म्हणजे ६० तास. १५ आठवड्यांत विभागले तर आठवड्याला चार तास. रोज दोन तासांचे तीन दिवसांचे शिबिर सहा तासांत संपते. म्हणजे फरक दहापट आहे.

भंडाऱ्यात याची गरज जास्त का?

खासगी क्लास शहरात असतात आणि भरतात पहाटे किंवा संध्याकाळी. लाखांदूर, पवनी, मोहाडी किंवा साकोली तालुक्यातल्या खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलीला दोन्ही वेळा जमत नाहीत. तिला परतीची गाडी पकडायची असते. ती चुकली तर पुढच्या गाडीपर्यंत स्थानकावर थांबावे लागते आणि घरून फोन सुरू होतात. शिवाय महिन्याची फी, पोशाख आणि प्रत्येक बेल्टच्या परीक्षेचे शुल्क वेगळे.

परिणाम असा की शहरात राहणारी आणि पैसे भरू शकणारी मुलेच शिकतात. स्वसंरक्षणाची सर्वात जास्त गरज असलेली, अंधारात फाट्यावर उतरून घरापर्यंत चालत जाणारी मुलगी मात्र बाहेर राहते. दुपारी १२ ते २ या वेळेत कॉलेजातच वर्ग भरला तर ती आपोआप आत येते.

विद्यापीठात मार्शल आर्ट ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो स्वतः शिक्षणतज्ज्ञ होते. त्यांनी १८८२मध्ये टोकियोत कोडोकान ही संस्था काढली. जुन्या जुजुत्सूतले धोकादायक डाव सरावातून वगळले आणि विद्यार्थी पूर्ण ताकदीने, पण सुरक्षितपणे खेळू शकतील अशी पद्धत बसवली. कराटेचा विद्यापीठातला पहिला क्लब १९२४मध्ये टोकियोच्या केइओ विद्यापीठात सुरू झाला.

आपल्याकडे रवींद्रनाथ टागोरांनी १९२९मध्ये शिंझो तकागाकी या जपानी ज्युदो शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावले. तिथे मुलांबरोबर मुलीही ज्युदो शिकल्या. सुमारे दोन वर्षांनी करार संपला आणि त्यांना पुढे ठेवण्यासाठी पैसा उभा राहिला नाही. यातला धडा आजही लागू आहे. एका शिक्षकावर आणि एका देणगीवर चालणारा वर्ग थांबतो. वेळापत्रकात आणि अंदाजपत्रकात असलेला वर्ग टिकतो.

विदर्भातलेच उदाहरण हवे असेल तर अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४मध्ये आखाडा म्हणून सुरुवात झाली. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुढे त्याच परिसरात शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे राहिले. आखाडा आणि पदवी एकत्र नांदू शकतात, हे अमरावतीने दाखवून दिले आहे.

कोणती कला निवडायची?

ज्युदोला मॅट लागते आणि ती स्वस्त नाही. कराटे आणि तायक्वांदोला सपाट जागा पुरते. लाठीकाठीला मैदान आणि बांबू लागतो. भंडाऱ्यात बांबूची वानवा नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठीकाठी आणि दांडपट्टा आपण टाळ्या वाजवून पाहतो, पण कॉलेजात शिकवत नाही. गतका, कलरीपयट्टू आणि थांग-ता या देशी युद्धकला खेलो इंडिया युवा स्पर्धेत पोहोचल्या आहेत. म्हणजे त्यांना नियम, वयोगट आणि गुणपद्धती देता येते. लाठीलाही ती देता येईल.

माझ्या मते कलेच्या नावापेक्षा तास महत्त्वाचे. चांगला प्रशिक्षक ज्या कलेचा मिळेल, ती निवडावी.

मुलींना शिकवले की प्रश्न सुटला?

नाही, आणि असा दावा कुणी करत असेल तर सावध राहा. छेड काढणाऱ्याची जबाबदारी मुलीच्या ठोशावर ढकलता येत नाही. रस्त्यावर दिवे, वेळेवर बस आणि तक्रार घेणारे पोलीस हवेतच.

प्रशिक्षणाचा उपयोग मात्र होतो. कॅनडातील तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास २०१५मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. १२ तासांचा कार्यक्रम घेतलेल्या गटात वर्षभरात बलात्काराचे प्रमाण ५.२ टक्के होते. केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ते ९.८ टक्के होते. त्या १२ तासांत हातापायांचे डाव हा एक भाग होता. बाकी वेळ धोका ओळखणे आणि ओळखीच्या माणसालाही ठाम नकार देणे यावर होता. आपल्या ६० तासांतही हे हवे.

मग अडते कुठे?

मुख्य अडचण प्रशिक्षकाची. काळा बेल्ट कुणीही बांधू शकतो, म्हणून मान्यताप्राप्त संघटनेचे प्रमाणपत्र तपासणे, मानधन ठरवणे आणि शक्यतो महिला प्रशिक्षक नेमणे हे विद्यापीठ पातळीवर व्हायला हवे. प्रत्येक कॉलेजला वेगळा प्रशिक्षक परवडत नसेल तर तालुक्यातल्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून एक नेमावा.

दुसरा धोका आपल्या ओळखीचा आहे : कागदी हजेरी. मी इंजिनीअरिंगला असताना वर्कशॉपचे जॉब एकाने बनवायचे आणि चौघांनी दाखवायचे, असे सर्रास चालायचे. इथे तसे झाले तर क्रेडिट मिळेल, पण कला येणार नाही. म्हणून परीक्षा लेखी नको. सुरक्षित पडता येते का, पकड सोडवता येते का, मोठ्याने ‘नाही’ म्हणता येते का, एवढे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

आणि वर्गात मुलेही हवीत. समोरच्याने हात आपटून ‘थांब’ची खूण केली की त्या क्षणी पकड सोडायची, हा ज्युदोचा पहिल्या दिवसाचा नियम आहे. तो मुलींपेक्षा मुलांनी शिकण्याची गरज अधिक आहे.