अंदाज बदलणारं गणित

डोंबिवली स्टेशनचा जिना उतरायच्या आधीच आपलं मनात ठरलेलं असतं, आज सीट मिळणार की नाही. मग प्लॅटफॉर्मवरची गर्दी दिसते, इंडिकेटर दिसतो आणि अंदाज बदलतो. जुना अंदाज अधिक नवा पुरावा म्हणजे सुधारलेला अंदाज. बॉस, हेच बेझचं गणित! थॉमस बेझ या इंग्लिश पाद्र्याचा हा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली छापला गेला.

मग गाडी दोनशे वर्षं अडली कुठे? आकडेमोडीत. पाऊस, मेगाब्लॉक, सिग्नल, पुढची लेट गाडी... अशा दहा-वीस अनिश्चित गोष्टी एकत्र आल्या, की सगळ्या शक्यतांची बेरीज कागदावर होतच नाही.

ही अडचण होती त्या काळात कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला गेले. बेझची बाजू लावून धरणाऱ्या हॅरोल्ड जेफ्रीज यांच्याकडे त्यांनी पीएच.डी. केली. १९५३ साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्रमुख.

आता योगायोग बघा. त्याच १९५३ साली, जिथं अणुबॉम्ब तयार झाला त्या अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेतून निकोलस मेट्रोपोलिस आणि चार सहकाऱ्यांनी एक युक्ती जाहीर केली. सगळ्या शक्यता मोजू नका, त्यांच्यात भटका!

म्हणजे काय? दिवाळीच्या सकाळी फडके रोडवर एक जण टाइमपास करतोय. पुढची जागा तो नेम न धरता निवडतो. तिथं जास्त गर्दी असेल तर सरळ जातो. निम्मीच असेल तर दोनदातून एकदाच जातो, एरवी जागीच थांबतो. बराच वेळ भटकल्यावर तो कुठे किती रेंगाळला, यावरूनच गर्दीचा नकाशा तयार! गर्दीच्या जागी शक्यता ठेवा, झालं.

१९७० साली हेस्टिंग्जने ही युक्ती व्यापक केली. १९९० साली गेलफँड आणि स्मिथ यांनी तिच्याच जातीच्या पद्धतीने बेझची गणितं सुटतात हे दाखवलं आणि संख्याशास्त्रज्ञ कॉम्प्युटरकडे धावले. पुढच्याच वर्षी हुजूरबाजार गेले. त्यांची कन्या अपर्णा हीसुद्धा संख्याशास्त्रज्ञ. तिने काम केलं ते याच लॉस अलामोसमध्ये!

तेव्हा पुढच्या मीटिंगमध्ये कुणी छातीठोकपणे एकच आकडा फेकला, तर शांतपणे विचारा, ‘नवी माहिती आली तर हा किती हलेल?’ उत्तर ‘अजिबात नाही’ आलं, तर समजा, ते गणित नाही, हट्ट आहे.