गोंगाट कोणास म्हणावयाचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाच्या मासिक बैठकीत एक लहानसा प्रसंग घडला. एका सभासदांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने आपल्या मित्रांच्या वाद्यवृंदाची कॅसेट आणली होती. ‘ब्लॅक मेटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंथाची ती नमुन्याची ध्वनिफीत. त्या मंडळींच्या भाषेत ‘डेमो’. एका खोलीत मुद्रित केलेली, हाताने नक्कल केलेली, वेष्टनही झेरॉक्सचे. तीन मिनिटेही झाली नसतील, तोच अध्यक्षांनी हात वर केला. यंत्र बंद झाले. ‘हा गोंगाट आहे, संगीत नव्हे,’ असा निकाल देण्यात आला. मग चहा आणि चकल्या झाल्या, आणि त्यानंतर ‘नवकवितेने मराठीस काय दिले’ या विषयावर एका वक्त्यांनी निबंध वाचला. मर्ढेकरांचे नाव येताच माना डोलू लागल्या. टाळ्या देणाऱ्यांत आम्हीही होतो, हे प्रथमच कबूल करून टाकतो.

परंतु घरी परतताना ट्राममध्ये आमच्या मनास एक प्रश्न बोचू लागला. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली निघाला तेव्हा सुसंस्कृत महाराष्ट्राने त्याचे कोणते स्वागत केले? अश्लीलतेचा खटला! आकाशवाणीत नोकरी करणाऱ्या त्या कवीस न्यायालयात उभे राहावे लागले आणि निर्दोष सुटेपर्यंत पुष्कळ काही सोसावे लागले. पिंपातल्या उंदरांवर कविता होते काय, असे तेव्हा विचारणारे आणि परवा यंत्र बंद करणारे एकाच कुळीचे. आपण ज्या शहरात राहतो तेथील उदाहरण हवे असेल, तर हंग्री पिढीचे घ्या. मलय रायचौधुरी यांना एका कवितेपायी १९६४ साली अटक झाली, १९६५ च्या डिसेंबरात दोनशे रुपये दंड झाला, आणि १९६७ साली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आज त्याच कवितेवर विद्यापीठांतून प्रबंध लिहिले जातात.

आमच्यावर असा आक्षेप येईल की, मर्ढेकरांस भाषा येत होती. या पोरांना वाद्य येत नाही, म्हणून ती गोंगाट करतात. हा आक्षेप अज्ञानातून निघालेला आहे. नॉर्वेच्या ‘डार्कथ्रोन’ या वृंदाचा पहिला संग्रह १९९१ साली निघाला, त्याचे ध्वनिमुद्रण स्वीडनमधील एका नामांकित स्टुडिओत झाले होते. ते स्वच्छ आहे, सफाईदार आहे. त्याच मंडळींनी पुढल्याच वर्षी ती सफाई जाणूनबुजून टाकून दिली, आणि १९९४ चा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ तर घरच्या चार पट्ट्यांच्या यंत्रावर मुद्रित केला. खर्जाचा भाग जवळजवळ नाही. गिटारच्या तारांवर अतिजलद आघात चालू, त्यांमुळे वेगळे स्वर ऐकू न येता पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा एक सलग पडदा तयार होतो. आणि त्यामागे दूर कोठेतरी माणूस किंचाळत आहे. त्या पडद्यातून एक सुरावट हळूहळू वर येते. ती पहिल्या तीन मिनिटांत येत नाही. आम्हांस चौथ्या खेपेस ऐकू आली, आणि पहिल्या तीन खेपांनी डोके दुखले, हेही नमूद करतो. (त्या वृंदाचा ड्रमवादक कित्येक वर्षे टपाल खात्यात नोकरीस होता. आम्हां कारकुनांस एवढा अभिमान चालून जावा.)

आणि खरखरीची एवढी घृणा कोलकात्यात बसून? याच शहरात १९०२ च्या नोव्हेंबरात गौहरजान एका भोंग्यासमोर गायल्या. मायक्रोफोन नव्हता, मिळून तीन मिनिटांचा अवकाश, तबकड्या छापावयास जर्मनीत हानोव्हरला जात. तेथील कामगारांस गायिका कोण हे कळावे म्हणून शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारावे लागे. त्या तबकड्यांत खरखर किती आणि गाणे किती, याचा हिशेब आमच्या अध्यक्षांनी कधी केला आहे काय? त्यांच्याच घरी आम्ही ती तबकडी डोळे मिटून ऐकली आहे. तेथे खरखर ही काळाची खूण ठरते. पोराच्या कॅसेटवर मात्र तीच असंस्कृतपणाची ठरते.

या पंथाचा इतिहास निष्कलंक आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. १९९२ साली नॉर्वेत बेर्गेनजवळचे फान्टोफ्टचे जुने लाकडी चर्च जाळले गेले. १९९३ साली ‘मेहेम’च्या गिटारवादकाचा दुसऱ्या एका वादकाने खून केला व त्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली. वंशद्वेषाची घाणही या पंथाच्या काही कोपऱ्यांत आहे. जो तिचे समर्थन करील त्याला आम्ही आपला म्हणणार नाही. परंतु एका खुन्यामुळे सारे वादक खुनी ठरवावयाचे, हा न्याय आपण दुसऱ्या कोणत्या कलेस लावतो?

आमचा खरा राग आहे तो नकलेवर. ज्याच्या घराण्यातील कोणी चर्चची पायरी चढलेला नाही, त्याने तोंडास पांढरे फासून उलटा क्रूस मिरवावा, हे हास्यास्पद आहे. नॉर्वेच्या तरुणास जो अंधार बंड करून मिळवावा लागला, तो येथे घरची आई आहे. नरमुंडांची माळ घातलेल्या देवीस बंगाली माणूस ‘मा’ म्हणून हाक मारतो. हे ज्यांना उमगले अशी मंडळी याच शहरात आहेत. ‘कपाल’, ‘अपार्थिव रक्तधारा’ ही वृंदांची नावेच पाहा. दुसऱ्याने २०२१ साली काढलेल्या संग्रहाचे नाव ‘आद्यपीठ मरणसंहिता’. ‘हीदन बीस्ट’चे तिघे वादक चार्वाक, सांख्य आणि मीमांसा अशी नावे घेऊन धर्मांधतेवर तुटून पडतात. ‘टेट्राग्रॅमॅसाइड’चे ध्वनिमुद्रण जर्मनीतील प्रकाशकाने काढले. परदेशातले रसिक यांच्या तबकड्या मागवितात, आणि आमच्या मंडळास तीन मिनिटेही धीर धरवत नाही.

आता एक गोष्ट नोकरीच्या अनुभवातून सांगतो. आमच्या कचेरीत आवक-जावक नोंदवहीत प्रत्येक चिठोऱ्यास क्रमांक पडतो. १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशकास आपल्या पुस्तकाची प्रत अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयास द्यावी लागते. १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही त्यात आली. ध्वनिमुद्रणाचा त्यात उल्लेख नाही. नॉर्वेने १९८९ च्या कायद्याने ध्वनिमुद्रणेही जमा करावयास लावली. म्हणून तेथील खुळ्या पोरांचा गोंगाट राष्ट्राच्या तळघरात सुरक्षित आहे. येथे पन्नास प्रतींची कॅसेट दोन पावसाळ्यांत बुरशीने संपते. लहान मासिकांचीही हीच गत झाली असती. चित्रे-कोलटकरांचे ‘शब्द’ १९५४ साली सायक्लोस्टाइल करून निघाले, त्याचे अंक आज किती ग्रंथालयांत मिळतील? बंगालीची लाज राखली ती संदीप दत्त या एका शिक्षकाने. मोठ्या ग्रंथालयात लहान मासिके रद्दीसारखी टाकलेली पाहून त्यांनी १९७८ साली टेमर लेनमधील आपल्या राहत्या घरात त्यांचे ग्रंथालय उघडले, आणि २०२३ साली वारले तोपर्यंत चालविले. त्यांनी प्रत्येक अंक वाचून, आवडला तरच ठेवला, असे नव्हे. आला तो ठेवला.

मंडळाच्या कपाटात दिवाळी अंकांच्या शेजारी एक खण ध्वनिफितींसाठी द्यावा, असा लेखी अर्ज आम्ही कार्यकारिणीकडे दिला आहे. दोन बैठका झाल्या. तो अद्याप विषयपत्रिकेवर आलेला नाही. ती कॅसेट सध्या आमच्या टेबलाच्या खणात आहे. तिच्यावर आम्ही आमच्या हाताने आवक क्रमांक एक असे लिहिले आहे. तो मुलगा त्या दिवसानंतर मंडळात आलेला नाही.