अर्धा रंग

साठीनंतर माणसाने नवे छंद लावून घेऊ नयेत, असे आमच्या घरच्या मंडळींचे ठाम मत आहे. ते डावलून मी कॅमेरा घेतला आणि परवाच्या मार्गशीर्षात कुडाळकडच्या एका गावी छायाचित्रणाच्या शिबिरात दाखल झालो. तोवर सूर्यास्त आणि नातवंडे एवढ्यावर माझी कला भागत होती. इथला प्रकार निराळा. आठ दिवस एका दशावतारी कंपनीबरोबर राहायचे, ती जाईल त्या जत्रेला जायचे आणि तिच्या जगण्याची चित्रे घेऊन यायचे.

शिबिराचे गुरुजी माझ्या मुलाच्या वयाचे. पहिल्याच सकाळी त्यांनी आमचे दहाही कॅमेरे ट्रंकेत टाकून कुलूप लावले. "दोन रात्री नुसते पेटारे उचला," म्हणाले. पैसे भरून हमाली करायला आलो की काय, असे तोंडावर आलेले मी गिळले. मग त्यांनी यूजीन स्मिथची गोष्ट सांगितली. १९४८ साली 'लाइफ' साप्ताहिकासाठी हा गृहस्थ कोलोरॅडोतल्या एका खेड्यातल्या डॉक्टरबरोबर तेवीस दिवस राहिला. आणि डॉक्टरला आपल्या वावरण्याची सवय व्हावी म्हणून सुरुवातीला त्याने कॅमेऱ्यात फिल्मच घातली नव्हती!

पेटारा उचलला की कंपनीची ओळख होते, हे मात्र खरे. दिवसा भातशेती करणारा माणूस रात्री ज्या साजाने राजा होतो तो साज ज्याचा त्याचा, ज्याच्या त्याच्या पेटाऱ्यात. लिहिलेली संहिता नाही. संध्याकाळी कथा ठरते, कोणी काय व्हायचे ते सांगितले जाते, आणि संवाद उभ्या उभ्या सुचतात. सिंहासन म्हणजे एक लाकडी बाकडे. देवाची पालखी देवळाभोवती फिरून आली की मध्यरात्रीच्या सुमाराला नाटक उभे राहते, ते उजाडता दहीकाला होईपर्यंत. मला घरी दहाला झोप लागते. तिथे पहाटे चारला संकासुराच्या आठवणीने हसत बसलो होतो.

तिसऱ्या रात्री कॅमेरे मिळाले. फ्लॅश वर्ज्य. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, म्हणून झडप फार जलद ठेवली की एका चित्रात राणी गोरी तर पुढच्यात हिरवी, हे तिथे कळले. पण सगळ्यांत चांगले चित्र मला रंगपटात मिळाले. कंपनीतले तात्या चाळीस वर्षे स्त्रीपार्ट करीत आले आहेत. ते आरशासमोर बसले होते. अर्ध्या चेहऱ्याला रंग, अर्धा रापलेला. नेसूचे लुगडे, वर उघडी केसाळ छाती आणि ओठात विडी. मी त्यांना विचारले नाही. कॅमेरा डोळ्याला लावला आणि बोट दाबले.

शेवटच्या संध्याकाळी धर्मशाळेत पांढऱ्या चादरीवर आमची चित्रे दाखवली. कंपनी होती, गावही लोटला होता. माझे ते चित्र आले आणि शिबिरार्थी 'वा!' म्हणाले. त्याच क्षणी पोरे खदाखदा हसली. मग बायका हसल्या. तात्या खांबाशी बसले होते, ते उठून गेले.

मी विहिरीपाशी त्यांना गाठले. "तात्या, चुकलो," म्हटले.

"तुमचा काय चुकला?" ते शांतपणे म्हणाले. "तुमी चांगलो फोटो काढलास. पण रंग पुरो होयसर मी राणी नाय नि बापयो पण नाय. तेवढ्या येळात माका कोणी बघलेला माका नको."

रात्री गुरुजींना हे सांगितले. त्यांनी माझी समजूत वगैरे घातली नाही. डोरोथिया लँगने १९३६ साली कॅलिफोर्नियात एका कष्टकरी आईचे चित्र घेतले. ते जगभर गाजले, पण तिचे नाव विचारायचे राहिले. १९७८ साली एका वार्ताहराने त्या बाईला शोधून काढले, तेव्हा हे चित्र घेतलेच नसते तर बरे होते, असे ती म्हणाली. एवढे सांगून गुरुजी झोपायला गेले. मी मात्र जागा राहिलो.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी तात्यांना विचारले, "तुमचे कसे चित्र काढू?" ते थोडे लाजले, मग घरी घेऊन गेले. तिथे कमरेला राणीचा पट्टा, डोक्यावर मुकुट, पुरा रंग, अशा थाटात अंगणात खुर्चीवर ताठ बसले. शेजारी पत्नीला उभे केले. छायाचित्रणाच्या दृष्टीने विचाराल तर चित्र सामान्य. ऊन डोक्यावर, सावल्या काळ्या, आणि मागे दोरीवर वाळत घातलेली घोंगडी.

गेल्या मार्गशीर्षात त्याची मोठी प्रत घेऊन मुद्दाम जत्रेला गेलो. तात्यांनी ती पदराने पुसली, पेटाऱ्याच्या झाकणाला आतून चिकटवली आणि त्याच झाकणातल्या आरशात बघून रंग लावायला घेतला. मी बाहेर जाऊन बसलो.

ते दुसरे चित्र माझ्याकडे आहे. पुसलेले नाही, छापलेलेही नाही. या अंकाच्या संपादकांनी लेखासोबत द्यायला एखादे चित्र मागितले होते. त्यांना मी बाकड्याचे पाठवले आहे.