शिबिरातून परतल्यावर पुढे काय?



सुट्टी जवळ आली की काही पालक ऑफिसात येऊन विचारतात, “सर, पोरगा ऐकत नाही, मोबाईल सोडत नाही, एखाद्या शिबिराला पाठवू का?” दांडेलीचे जंगल आपल्याला जवळच आहे. जरूर पाठवा. नदी, चढण आणि तंबूतली रात्र मुलाला पुष्कळ शिकवते. पण पाठवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. तो परत येईल तेव्हा घरात काय बदललेले असेल?

अमेरिकेत बिघडलेल्या वा खचलेल्या मुलांना कित्येक आठवडे रानावनात ठेवून उपचार करण्याची पद्धत आहे. तिच्याबद्दल वाद फार. २०२४ साली नॉर्थ कॅरोलिनात अशा एका शिबिरात १२ वर्षांचा मुलगा दाखल झाल्याच्या पहिल्याच रात्री दगावला आणि त्या शिबिराचा परवाना गेला. जिथे काम नीट चालते तिथेही खरी अडचण परतल्यावर येते. रानात ना मोबाईल, ना जुनी संगत. घरी दोन्ही वाट पाहत असतात.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याच्या मुक्तांगणचे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ते व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथला मुक्काम काही आठवड्यांचा, पण बाहेर पडलेल्या माणसाने पाठपुराव्याला येत राहावे यावर त्यांचा भर. रुग्णांच्या पत्नींसाठीही त्यांनी गट चालवला, कारण आजार एकट्याचा नसतो. मला हे सर्वांत शहाणपणाचे वाटते. आपण मुलाला दुरुस्तीला दिलेल्या स्कूटरसारखे पाठवतो आणि पावती घेऊन मोकळे होतो.

हिंदीत म्हण आहे, सकाळी वाट चुकलेला संध्याकाळी घरी आला तर त्याला चुकलेला म्हणत नाहीत. छान आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याशी कोण बोलणार, हे म्हण सांगत नाही.

म्हणून मुलगा निघण्याआधीच आईवडिलांनी वर्गशिक्षकांना भेटावे. बुडालेला अभ्यास कोण भरून देणार, संध्याकाळी तो कुठे जाणार, घरातले मोठे जेवताना स्वतःचा मोबाईल बाजूला ठेवणार का, हे ठरवून लिहून काढावे. आणि ते मुलाला विचारून ठरवावे. आजी-आजोबांनाही त्यात घ्यावे, नाहीतर लाडाने सगळे मोडते. मूल गप्प गप्प राहत असेल, झोप उडाली असेल, स्वतःला इजा करण्याचे बोलत असेल, तर ते शिबिराचे काम नव्हे. धारवाडला डिमहान्स आहे. २०२२ पासून टेलिमानसची १४४१६ ही मोफत सेवाही आहे, आणि ती कन्नडमध्येही मिळते. “लोक काय म्हणतील” म्हणून थांबू नका. विद्यानगरात लोक तसेही बोलतातच.

मुलांनो, परत आलेल्या मित्राला “सुधारून आलास काय रे?” असे विचारू नका. खेळायला बोलवा.

विश्वस्तांकडे माझी मागणी दोन गोष्टींची आहे: आठवड्यातून एक दिवस समुपदेशक, आणि त्यांना बसायला ऑफिसपासून लांबची एक खोली. ऑफिसाच्या दारातून कोण आत गेले हे साऱ्या शाळेला दिसते, म्हणून मुले येत नाहीत. ग्रंथालयामागची जुनी सामानाची खोली रिकामी केली तरी चालेल.